शिल्लक

डाळ मिलचा हिशेब मी वीस वर्षं लिहिला,
त्यामुळे गोळ्या मोजायला वेगळं शिकावं लागलं नाही.
चैत्राचा पहिला आठवडा. शिल्लक: एकेचाळीस.
रोज दोन. म्हणजे वीस दिवस
आणि एक सकाळ.

हेमराजच्या मेडिकलपुढे चुन्याचे गोल आखलेले.
माझ्या गोलात मी उभी, छत्री उघडून.
ऊन मला अकरा वर्षांपासून चालत नाही,
आणि अमळनेरात उन्हाशिवाय दुसरं मिळतं काय?
तो म्हणाला, ताई, तुमची ती पांढरी संपली.
टीव्हीवर नाव आलं आणि दोन दिवसांत
ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांनी नेली.
चिठ्ठीशिवाय दिलीस? मी विचारलं.
तो सॅनिटायझरची बाटली पुसत राहिला.

गल्लीत आता सगळ्यांची तोंडं बांधलेली.
मी बांधायचे तेव्हा ह्याच गल्लीने
मला डाकूराणी म्हटलं होतं.
लग्नाला न जाणं, परक्या घरचं पाणी टाळणं,
खोकणाऱ्याशेजारून उठून जाणं,
ह्या माझ्या खोडी
आता सरकारी नियम झाल्या.
इंदूबाई सैंदाणे भिंतीपलीकडून म्हणाली,
"आते समजनं वं माय, तू कशी राहस ते."
खरं सांगते, मला बरं वाटलं.
बरं वाटल्याची लाज
रात्री उशिरा वाटली, तीही थोडीच.

हिलाल आण्णा मंगळवार-शुक्रवार धुळ्याला जातात,
रक्त धुऊन आणायला.
फोनवर त्यांनी नाक्याची गोष्ट सांगितली:
पास मागणाऱ्या पोरसवदा शिपायापुढे
बाही वर केली, म्हणाले, हात लाव.
मनगटावरच्या त्या फुगीर शिरेत
लांबून जिनिंग चालल्यासारखी घरघर.
सगळं जग एकमेकांपासून सहा फूट लांब
आणि हा पोरगा आण्णांच्या शिरेवर
बोटं ठेवून उभा, मागे ट्रक हॉर्न देतायत.
"त्याने हात काढलाच नाही लवकर,"
आण्णा दोनदा म्हणाले.

संध्याकाळी बातम्या.
जिल्ह्यात आज चार.
आणि लगेच, धीर द्यावा तशा आवाजात:
मृतांना आधीपासून इतर व्याधी होत्या.
पलीकडे इंदूबाईच्या घरात
कुणीतरी सुस्कारा सोडला.
लाईट गेली होती त्यांची, पंखा बंद, नीट ऐकू आलं.
नाही, लाईट असती तर बातम्या कशा लागल्या असत्या?
पण सुस्कारा ऐकला हे नक्की.
इतर व्याधी. म्हणजे मी.
भाकरी थापली. जाड झाली.

तेरा उरल्या तेव्हा सुरीने अर्ध्या केल्या.
आतून ती इतकी कडू असते
हे अकरा वर्षांत कळलं नव्हतं.
बोटांची पेरं सकाळी भरिताच्या वांग्यासारखी टम्म.
ब्लाउजचं वरचं हूक मी सोडून दिलं,
बघायला कोण येणार होतं.

इंदूबाईचा पोरगा सुरतेहून येऊन
शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहिला,
धडधाकट घरी आला.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर पातेलं, झाकलेलं.
आत कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक स्ट्रिप.
दहातल्या सात.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
भाकरी गरम होती, म्हणून गोळ्याही कोमट.

वही उघडली. जमा: सात.
कुणाकडून, ह्या रकान्यापाशी
पेन्सिल बराच वेळ उभी राहिली.
परत द्यायच्या असतात का अशा?
आणि त्या तीन, ज्या कुणी खाल्ल्या
कुठल्या भीतीवर, त्या कुठे मांडायच्या?
रकाना मोकळा ठेवला
आणि एक अख्खी घेतली, पाण्याबरोबर.

मिलमध्ये असा रकाना सोडला असता
तर शेठने वही अंगावर फेकली असती.